एकीकडे ९.८, दुसरीकडे ९.४, मग खरं कोण?

पत्र:

नमस्कार. मी मूळचा डोंबिवलीचा, आता न्यू जर्सीत एडिसनला असतो. लहानपणीचं कॉमिक्सचं वेड इकडे आल्यावर परत उसळलं. काही वर्षांपूर्वी एका कन्व्हेन्शनमध्ये 'अमेझिंग स्पायडर-मॅन' ३०० नंबरचा अंक स्लॅबमध्ये (सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत) घेतला, अवस्थेचा ग्रेड दहापैकी ९.८. नंतर ओळखीचे कलेक्टर म्हणायला लागले की ही ग्रेडिंग कंपनी सैल आहे, दुसऱ्या कंपनीचं लेबल लावून घे, भाव जास्त येईल. मी स्लॅब फोडला, पुस्तक दुसरीकडे पाठवलं, आणि परत आलं तर ९.४! पुस्तक तेच, पानं तीच. फी गेली, शिपिंग गेलं आणि किंमत पण गेली. आता परत फोडून पाठवू का? आणि या सगळ्यात प्रामाणिक नक्की कोण आहे? बायको म्हणते तू पुस्तक न वाचता नुसत्या प्लॅस्टिकला पैसे देतोयस, सगळं विकून टाक. आणखी एक, डोंबिवलीला बाबांच्या कपाटात मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे बाइंड केलेले गठ्ठे आहेत, वेताळ, मांड्रेक वगैरे, ते इकडे आणून ग्रेड करून घेऊ का?
– वैतागलेला व्हेनम

उत्तर:

अहो व्हेनमराव, तुमचं पत्र वाचून पहिलं काम काय केलं तर दोन्ही कंपन्यांची नावं खोडली. तुम्ही रागात लिहिलंय, आणि ती नावं छापली की दोन्ही बाजूचे भक्त इथेच हमरीतुमरीवर येणार आणि तुमचा प्रश्न राहणार बाजूला. तसंही तुमच्या प्रश्नाला नावांची गरज नाहीये. उलटं झालं असतं, म्हणजे ज्याला सगळे कडक म्हणतात त्याने ९.८ दिला असता आणि ज्याला सैल म्हणतात त्याने ९.४, तरी मला फार नवल वाटलं नसतं.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत जुनी कॉमिक्स विकताना पूर्वी विकणाराच ठरवायचा की पुस्तक कुठल्या अवस्थेत आहे, आणि विकणाऱ्याला आपलं पुस्तक कायम 'नियर मिंट' दिसायचं, घेणाऱ्याला घरी येऊन पाकीट उघडल्यावर कळायचं की मागच्या कव्हरला घडी आहे. ओव्हरस्ट्रीटची प्राइस गाइड १९७० पासून होती, त्यात ग्रेडची वर्णनं पण होती, पण वर्णन वाचून लावणारा माणूस स्वतःच दुकानदार असला तर काय होणार! मग २००० साली फ्लोरिडात सीजीसी निघाली. पुस्तक त्यांच्याकडे पाठवा, ते तिऱ्हाईत नजरेने बघणार, आकडा देणार, कडक प्लॅस्टिकच्या डबीत सील करून वर लेबल लावून परत पाठवणार. ही डबी म्हणजे स्लॅब. इंटरनेटवर न बघता खरेदी करणाऱ्यांना हे इतकं सोयीचं पडलं की कितीतरी वर्षं सीजीसीला म्हणावा असा प्रतिस्पर्धीच नव्हता. पीजीएक्स होती, पण तिच्या लेबलला बाजारात तेवढा मान कधी मिळाला नाही. २०१४ मध्ये मात्र सीजीसीचेच सुरुवातीचे मुख्य ग्रेडर स्टीव्ह बोरॉक यांनी सीबीसीएस काढली (पुढे ती कार्डांचं ग्रेडिंग करणाऱ्या बेकेटकडे गेली) आणि तेव्हापासून 'कडक कोण, सैल कोण' ही चर्चा जी सुरू झाली ती अजून चालूच आहे. आता तर कार्डांच्या ग्रेडिंगमधलं बडं नाव असलेली पीएसए पण कॉमिक्समध्ये उतरलीये, आणि सीजीसी त्याच्या आधीच २०२० मध्ये कार्डांमध्ये घुसली होती, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगणात.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. ही पट्टी ०.५ ते १० अशी असते, पण तिच्यावरच्या खुणा सारख्या अंतरावर नाहीत, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. खालच्या बाजूला अर्ध्या अर्ध्याने चढतं, ४, ४.५, ५, ५.५ असं (मध्येच एक १.८ नावाचा विचित्र आकडा आहे, तो कुणाच्या डोक्यातून आला देव जाणे), आणि ९ च्या वर गेलं की एकदम बारीक होतं, ९.२, ९.४, ९.६, ९.८, मग ९.९ आणि १०. म्हणजे जिथे डोळ्याला फरक ढळढळीत दिसतो तिथे पायऱ्या मोठ्या, आणि जिथे भिंग घेऊन बसलं तरी दोन माणसांचं एकमत होणं मुश्कील तिथे पायऱ्या बारीक. का? तर पैसा तिथे आहे. तुमच्या स्पायडर-मॅन ३०० चंच बघा ना, मे १९८८ चा अंक, टॉड मॅकफार्लेनची चित्रं, स्पायडर-मॅनचा शत्रू व्हेनम पहिल्यांदा पूर्ण दिसतो म्हणून सगळ्यांना हवा. पण हा काही दुर्मिळ अंक नव्हे. भरपूर छापला गेला, लोकांनी जपून पण ठेवला, ९.८ च्या प्रतीसुद्धा हजारोंनी आहेत. दुर्मिळ पुस्तक असेल तर लोक फाटकं पण घेतात, इथे पुस्तक सगळ्यांकडेच आहे म्हणून सगळी मारामारी वरच्या दोन-चार दशांशांवर. ९.८ ला जे मिळतं त्याच्या ढोबळमानाने पाव-तिजाई किमतीत ९.४ जातो. आणि हे दोन ग्रेड वेगळे कशाने होतात माहितीये? पाठीवरच्या, म्हणजे स्टेपल असतात त्या कडेवरच्या, दोन-तीन पांढऱ्या रेघांनी.

त्या रेघा एकदा नीट बघाच. आता तुमचं पुस्तक स्लॅबमध्ये आहे, पण दुसरं कुठलंही ऐंशीच्या दशकातलं चकचकीत कव्हरवालं घ्या, खोलीतले दिवे बंद करा, एकच टेबल लॅम्प बाजूला ठेवा आणि पुस्तक डोळ्यासमोर आडवं धरून हळूहळू तिरकं करा. समोरून बघताना कोरं करकरीत वाटणारं कव्हर तिरक्या उजेडात एकदम बोलायला लागतं. स्टेपलच्या वरखाली, पाठीला काटकोनात, दोन-तीन मिलिमीटरच्या आडव्या सुरकुत्या दिसतील, त्यांना स्पाइन टिक म्हणतात. त्यातल्या काही नुसत्या दबलेल्या असतात, शाई शाबूत असते. काहींमध्ये शाई तडकलेली असते आणि खालचा पांढरा कागद केसाएवढा डोकावतो. सगळा खेळ या दुसऱ्या प्रकारात आहे. दबलेली सुरकुती प्रेसिंगने, म्हणजे गरम आणि किंचित दमट प्रेसखाली ठेवून, सपाट होऊ शकते, पण तडकलेली शाई काही केल्या परत येत नाही, वरून रंग लावला तर ते रिस्टोरेशन धरतात आणि निळ्याच्या जागी जांभळं लेबल येतं, मग भाव विचारूच नका.

आता अशा केसाएवढ्या तीन रेघा असलेल्या पुस्तकाला एक ग्रेडर ९.६ म्हणेल, दुसरा म्हणेल रेघा छोट्या आहेत पण एक स्टेपललाच लागून आहे, ९.४. कोण चुकलं? कोणीच नाही. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या पेपरात मराठीच्या निबंधाला एका परीक्षकाने आठ दिले आणि फेरतपासणीत दुसऱ्याने सहा, असं झालं तर आपण बोर्डाला शिव्या घालतो, पण निबंधाला मुळात साडेसात हा 'खरा' मार्क कुठे लिहून ठेवलेला असतो का! इथे तर एकटा माणूस ग्रेड देत नाही, एकापेक्षा जास्त जण बघतात, पानं मोजतात, रिस्टोरेशन तपासतात आणि शेवटी एकजण आकडा पक्का करतो, म्हणजे एका माणसाची लहर बरीचशी कापली जाते, तरी पूर्ण कधीच जात नाही. त्याच कंपनीला तेच पुस्तक परत पाठवून वेगळा ग्रेड आलेले लोक तुम्हाला कुठल्याही कन्व्हेन्शनमध्ये भेटतील.

आणि तुम्ही जे म्हणताय ना, 'पुस्तक तेच', तिथेच मला शंका आहे. तुम्ही ते स्लॅबमध्ये विकत घेतलं, घरी आणलं, मग फोडलं. स्लॅब फोडायचा म्हणजे स्क्रूड्रायव्हर घालून कडा उचकटायच्या, आतली दुसरी पातळ प्लॅस्टिकची खोळ कापायची, मग पुस्तक सरकवून काढायचं. यात कोपरा दुमडायला कितीसा वेळ लागतो? वर पुस्तक पिशवीत घाला, बोर्ड लावा, डब्यात घाला, टपालाने पाठवा. आणि त्याच्याही आधी, ज्या स्लॅबमध्ये ते होतं त्यात ते आतल्या आत हलत होतं का बघितलं होतंत? डबीच्या आत पुस्तक सैल राहिलं आणि प्रवासात आदळलं तर सीलबंद असूनही पाठीला आणि कोपऱ्यांना मार बसतो, कलेक्टर लोकांनी त्याला शेकन कॉमिक सिंड्रोम असं भारदस्त नाव पण देऊन ठेवलंय. म्हणजे पहिल्या कंपनीने ९.८ दिला त्या दिवशी ते खरंच ९.८ असेल आणि दुसरीच्या टेबलावर पोचलं त्या दिवशी खरंच ९.४ असेल, हे अगदी शक्य आहे, आणि मग तुमच्या 'कोण खोटं' या प्रश्नात काही दमच उरत नाही.

तरीपण कडक-सैलची चर्चा नुसती हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. धंद्याचं गणित जरा बघा. फी कोण भरतं? पुस्तक पाठवणारा. त्याला काय हवं असतं? वरचा ग्रेड. पण त्या ग्रेडवर विश्वास ठेवून पुढे पैसे कोण मोजतं? विकत घेणारा, जो ग्रेडिंग कंपनीला एक छदाम देत नाही. त्याला काय हवं असतं? ग्रेड कडक असावा, म्हणजे ९.८ म्हटलं की डोळे मिटून घेता यावं. ग्रेडिंग कंपनी या दोघांच्या मध्ये बसलीये. जरा सैल सोडलं तर पाठवणाऱ्यांची रांग लागते, पण थोड्या दिवसांनी घेणारे म्हणायला लागतात की यांचं ९.८ म्हणजे दुसऱ्याचं ९.६, भाव पडतो, आणि भाव पडला की पाठवणारे पण पळतात. फार आवळलं तर घेणारे खूश, पण पाठवणारा तुमच्यासारखा पत्र लिहायला बसतो. नव्या कंपनीची तर दोन्हीकडून पंचाईत, तिच्याकडे नाव नाही म्हणून पाठवणाऱ्याला काहीतरी जास्त द्यावं लागतं, लवकर परत करणं, कमी फी, ग्रेडरच्या नोट्स (त्याने टिपलेले दोष) फुकट, आणि त्यातलं काही नाही जमलं तर मग लोकांच्या मनात शंका येते की जास्त ते ग्रेडमध्येच देतायत. ती शंका खरी असो वा खोटी, बाजारभावात ती लगेच दिसते. उलट एखादीने मुद्दाम कडक राहून नाव कमवायचं ठरवलं तर तिचं ९.६ दुसऱ्याच्या ९.८ इतकं चांगलं असलं तरी घेणारा लेबलवरचा आकडाच बघतो, आणि नुकसान होतं ते पाठवणाऱ्याचं.

म्हणून माझं मत विचाराल तर, कडकपणा हा कुठल्या कंपनीचा कायमचा स्वभाव नाही. तो काळाप्रमाणे सरकतो, कुठल्या वर्षाचं पुस्तक आहे त्याप्रमाणे सरकतो, गर्दीप्रमाणे सरकतो. कोविडच्या काळात लोकांनी घरात बसून इतकी पुस्तकं पाठवली की महिनोन्महिने परत यायची नाहीत, नवी माणसं घ्यावी लागली, आणि तेव्हाच्या ग्रेडबद्दल आजही दोन तट आहेत. जुन्या, चाळीस-पन्नासच्या दशकातल्या पुस्तकांना थोडं समजून घेतलं जातं आणि कालपरवा छापलेल्याला अजिबात नाही, असं बरेच जण म्हणतात. त्यामुळे कोणी तुम्हाला छातीठोक सांगितलं की अमुक कडक आणि तमुक सैल, तर त्याला विचारा कुठल्या वर्षीचं लेबल, कुठल्या काळातलं पुस्तक, आणि तुझं स्वतःचं तिथे काय अडकलंय. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते आणि ती ग्रेडच्या कडकपणापेक्षा महत्त्वाची आहे. प्रेसिंग आणि ग्रेडिंग एकाच छपराखाली. सीजीसीच्या मूळ समूहाने २०१२ मध्ये प्रेसिंग-रिस्टोरेशन करणारी एक कंपनी घेतली, तीच आता सीसीएस म्हणून चालते, आणि साधं प्रेसिंग हे रिस्टोरेशन धरलं जात नाही, निळं लेबलच मिळतं. प्रतिस्पर्धी पण प्रेसिंगची सोय देतात. म्हणजे आधी पुस्तक दाबायचे पैसे द्या आणि मग ते किती सपाट आहे हे सांगायचे पैसे द्या, दोन्ही एकाच घरात. यात काही काळंबेरं आहे असा माझा आरोप नाही, ग्रेडरला पुस्तक कुणाचं आहे ते कळत नाही असं कंपन्या सांगतात आणि तसं असेलही. पण २०२१ मध्ये ब्लॅकस्टोनसारख्या गुंतवणूकदाराने त्या समूहात मोठा हिस्सा घेतल्यावर आकड्यांचं दडपण किती आलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

प्रामाणिक कोण हे विचारलंत म्हणून आणखी एक सांगते. २०२३ च्या शेवटी असं उघडकीस आलं की कोणीतरी सीजीसीच्या डब्यांमधून चांगली पुस्तकं काढून त्यांच्या जागी हलक्या प्रती घालत होतं, आणि मग डबी खराब झालीये असं सांगून ती नव्या डबीत बदलून घेत होतं. डबी बदलताना पुस्तक पुन्हा ग्रेड होत नाही, ही ती फट. वरच्या ग्रेडचं लेबल, आत भलतंच पुस्तक, आणि बाहेरून सगळं अधिकृत. शेवटी कंपनीला लेबलवरच्या शेकडो संशयित सर्टिफिकेट नंबरांची यादी जाहीर करावी लागली, प्रकरण कोर्टात गेलं. यात ग्रेडर कडक होते की सैल याचा काडीचा संबंध नाही! पकडलं कोणी, तर ज्यांनी लेबल बाजूला ठेवून स्लॅबमधलं पुस्तक जुन्या फोटोशी ताडून बघितलं त्यांनी. म्हणून स्लॅब घेताना सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, फोटो असेल तर पाठीवरच्या रेघा जुळवा, मागच्या कव्हरची छपाई किती सरकलीये ते जुळवा. 'हल्क' १८१ सारखा अंक असेल तर लेबलवर आतल्या मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्पबद्दल काय लिहिलंय ते वाचा, १९७४ मध्ये पोरांनी तो स्टॅम्प बिनधास्त कापून वहीत चिकटवला आणि आज त्या एका चौकोनी भोकापायी हिरवं, म्हणजे मोठा दोष दाखवणारं लेबल लागतं नाहीतर ग्रेड तळाला जातो.

आता तुम्ही काय करायचं. परत फोडायचं? नाही. नाही म्हणजे नाही. आधीच एकदा फोडून झालंय, प्रत्येक वेळी पुस्तकाला धोका, वर ग्रेडिंगची फी, त्यावर हँडलिंग, जायचं-यायचं इन्शुरन्ससकट शिपिंग, प्रेसिंग केलंत तर ते वेगळं. आणि हे सगळं करून ९.६ आला तर? ९.४ आणि ९.६ मधला फरक या खर्चातच जिरतो. ९.८ येईल ही आशा आहे हो, पण आशेवर पुस्तक फोडणारे लोक शेवटी ९.२ घेऊन बसलेले असतात. एकच अपवाद. सर्टिफिकेट नंबर टाकून ग्रेडरच्या नोट्स बघा. नोट्समध्ये जर नुसती दबलेली घडी, हलका बाक, बोटाचे ठसे असं काही असेल, म्हणजे प्रेसिंगने जाण्यासारखं, तर एखाद्या अनुभवी प्रेसरला स्लॅबमधूनच दाखवा आणि त्याचं मत घ्या. शाई तडकल्याचं लिहिलं असेल तर विषय संपला, ९.४ वर प्रेम करा. तसंही या पट्टीवर ९.४ म्हणजे नियर मिंट, तीस वर्षांपूर्वीचा दुकानदार या प्रतीसाठी याच्यापेक्षा मोठा शब्द वापरायला धजला नसता.

आणि ते पहिलं लेबल आहे का अजून? ९.८ वालं? असेल तर त्या कंपनीला परत पाठवून द्या, म्हणजे त्यांच्या सेन्ससमधून (कुठल्या ग्रेडच्या किती प्रती आहेत त्या यादीतून) तो आकडा निघेल. लोक पाठवत नाहीत, मग एकच पुस्तक दोन कंपन्यांच्या यादीत दोनदा मोजलं जातं, आणि पुढचा माणूस म्हणतो ९.८ च्या किती प्रती आहेत बघा.

पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं लेबल हवंच असेल तर फोडायच्या आधी एखाद्या कॉमिक्सच्या दुकानदाराला गाठा जो मोठ्या संख्येने पुस्तकं पाठवतो. त्याच्यामार्फत प्रीस्क्रीनची सोय मिळू शकते, म्हणजे तुम्ही आधीच सांगायचं की ९.८ च्या खाली जात असेल तर ग्रेडच करू नका, तसंच परत पाठवा. नाकारल्याची थोडी फी बसते, पण ९.४ चा शिक्का बसत नाही. आणि त्याच्याही आधी हिशोब करा की दोन लेबलांच्या भावातला फरक खरंच किती आहे, मागितलेली किंमत नाही हां, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांची, आणि त्यातून ईबेचं तेरा टक्क्यांच्या आसपासचं कमिशन वजा करून. कितीतरी वेळा असं दिसतं की 'सैल' कंपनीचं ९.८ आहे तसं विकलं असतं तर 'कडक' कंपनीच्या ९.६ पेक्षा जास्तच हातात पडलं असतं. बाजाराने सैलपणाची वजावट आधीच करून ठेवलेली असते, आपण ती परत स्वतःच्या खिशातून करायची गरज नसते.

वहिनी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. प्लॅस्टिकला पैसे देताय हे खरंच. पण सगळं विकून टाका हे काही पटलं नाही, कारण रागात विकलेलं हमखास स्वस्तात जातं आणि सहा महिन्यांनी तुम्ही तेच परत महागात घ्याल, मी कलेक्टर लोकांना ओळखते. त्यापेक्षा असं करा, जे तुम्हाला वाचायचंय ते स्लॅबमध्ये ठेवूच नका, चांगल्या पिशवीत बोर्ड लावून ठेवा, आणि त्याच अंकाची सहा-साडेसहा ग्रेडची साधी प्रत मिळाली तर घ्या, ती शनिवारी दुपारी लोळत वाचा. वहिनींना पण द्या वाचायला, व्हेनमचं पहिलं पान बघून मत बदललं तर मला कळवा.

राहिलं इंद्रजाल. यावर मी जरा कडकच बोलणार आहे. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, पहिले ३२ अंक सगळे वेताळाचेच, मग मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, पुढे आपला बहादूर, आणि १९९० मध्ये बंद. मराठीतून निघालेले अंक आज खरोखर मिळत नाहीत आणि शोधणारी माणसं जिवापाड शोधतात. पण ती माणसं मुंबई-पुण्यात आहेत, जळगाव-नागपुरात आहेत, आणि त्यांना फ्लोरिडाचं लेबल नको असतं. त्यांना मराठी अंक हवा असतो, वाचायला आणि संच पुरा करायला. तुमच्या बाबांनी बाइंड करून घेतलेत म्हणता, म्हणजे बाइंडरने टाके घातले असणार आणि गठ्ठा गिलोटिनखाली घालून तिन्ही बाजू सारख्या केल्या असणार, तेव्हा सगळे तसंच करायचे, दिसायला छान दिसायचं. ग्रेडिंगवाल्यांच्या हिशोबी कापलेली कड म्हणजे ट्रिमिंग, आणि ट्रिमिंग म्हणजे जांभळं लेबल. त्यात मधल्या पानावर बाबांचं नाव पेनाने, वर फिरत्या वाचनालयाचा शिक्का, स्टेपलचा गंज कव्हरला लागलेला. तुम्ही ते गठ्ठे उसवून, सुटे करून, सुटकेसमधून एडिसनला नेऊन पाठवलेत तर हातात दोन-अडीचचा आकडा येईल आणि बाबांचा गठ्ठा गेलेला असेल तो वेगळाच.

गठ्ठे उसवू नका. कुणाकडून तरी प्रत्येक अंकाचं कव्हर आणि अंक क्रमांकाचं पान मोबाईलवर नीट फोटो काढून घ्या, बाइंडरने कव्हरं ठेवलीत की फाडलीत ते आधी बघा, कारण पुष्कळ बाइंडर कव्हरं काढूनच टाकायचे आणि मग किमतीचा सगळा विचारच बदलतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पावसाळ्याच्या आत गठ्ठे तिथून हलवा, डोंबिवलीची ओल तुम्हाला मी काय सांगायची, वर्तमानपत्रात किंवा कॅरीबॅगमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. आणि अंक क्रमांक १ ते ३२ मधलं काही निघालं तर मला लगेच लिहा. कुठे विकायचं ते सांगायला नव्हे हो, बघायचंय मला.

स्पायडर-मॅनच्या नोट्स काय निघतात तेही कळवा, शाई तडकलीये की नुसती दबलीये, तेवढं एक पुरे.